जबाब, शब्दसूची आणि ‘दोघी’ : ‘हर स्टोरी’ या खेळाचा भाषिक विचार

पोलिसांपुढे दिलेल्या जबाबाची गणना आपण वाङ्मयात करीत नाही. कथा, आत्मचरित्र, पत्र, रोजनिशी, फार तर बखर, येथवर आपली मजल जाते. परंतु ‘समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की, मी वरील ठिकाणी राहणेस असून’ अशा ठरीव वाक्याने सुरू होणारा मजकूर हा निवेदनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे व त्यास स्वतःचे व्याकरण आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांच्या फारशी विचारात येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात ती आली ती एका इंग्रजी संगणकीय खेळामुळे. विद्यापीठीय पत्रिकेत ‘व्हिडिओ गेम’ची चर्चा कशास, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यांस एवढीच विनंती, की या खेळात धावणे, उडी मारणे, बंदूक चालविणे यांपैकी काहीही नाही. खेळणाऱ्यास एकच काम आहे, व ते कोशकाराचे आहे : शब्द निवडावयाचा आणि तो कोठे कोठे आला आहे हे पाहावयाचे.

खेळाचे नाव ‘हर स्टोरी’. कर्ता सॅम बार्लो. प्रसिद्धी २४ जून २०१५. खेळणाऱ्यापुढे पोलीसखात्यातील एका जुनाट संगणकाचा पडदा येतो. सायमन स्मिथ नावाचा काचकाम करणारा एक मनुष्य प्रथम नाहीसा होतो व पुढे त्याचे प्रेत सापडते. त्याच्या पत्नीस १९९४च्या जून-जुलै महिन्यांत ७ वेळा बोलावून तिच्या मुलाखती चित्रित केलेल्या आहेत. या मुलाखती सलग पाहावयास मिळत नाहीत. त्यांचे २७१ लहानमोठे तुकडे केलेले आहेत आणि तुकडा हाती लागण्याचा मार्ग एकच : त्यात उच्चारलेला एखादा शब्द शोधपेटीत लिहिणे. खेळ सुरू होतो तेव्हा पेटीत ‘खून’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आधीच लिहिलेला असतो. पुढचे शब्द आपण सुचवावयाचे. एखादा शब्द चाळीस तुकड्यांत आला असला तरी संगणक दाखवितो ते कालक्रमाने पहिले पाचच. आणखी एक विशेष असा, की प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यांचा आवाज कोठेही ऐकू येत नाही. सर्व उत्तरे आहेत. प्रश्न एकही नाही.

ज्यांना हा खेळ स्वतः खेळावयाचा असेल त्यांनी येथेच थांबलेले बरे, कारण रहस्य उघड केल्यावाचून पुढील विवेचन होऊ शकत नाही.

रहस्य असे. जबाब देणारी हॅना नावाची स्त्री एक नसून दोन असाव्यात. जन्मतःच एका सुईणीने दूर केलेली तिची जुळी बहीण ईव्ह तिला पुढे भेटते आणि दोघी मिळून एकच आयुष्य वाटून घेऊन जगू लागतात. बाहेरच्या जगास हॅना तेवढी ठाऊक. सायमनचा संबंध दोघींशी येतो, ईव्ह गरोदर राहते, आणि त्याने स्वहस्ते घडविलेल्या आरशाच्या तुकड्यानेच त्याचा गळा कापला जातो. दोन बहिणी आहेत की एकाच स्त्रीचे दुभंगलेले मन आहे, याचा निकाल खेळ स्वतः देत नाही. अधूनमधून पडद्याच्या काचेवर एका चेहऱ्याचे प्रतिबिंब चमकून जाते. ते शोध घेणारीचे, म्हणजे ईव्हच्या मुलीचे, असते. तपास करणारे कोणी पोलीस नव्हेत, पोटची मुलगी आहे.

कथानक म्हणून पाहिले तर यात नवल फारसे नाही, आणि हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जुळ्या भावंडांची युक्ती रहस्यकथेत इतकी झिजली होती, की रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले त्यांतला शेवटचा तिच्यावरच आहे : वाचकाची आधी तयारी करून घेतल्याखेरीज जुळी आणू नयेत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या वाचकासही या युक्तीचे अप्रूप वाटले नसते. परंतु अर्नाळकरांचा वाचक धनंजयाच्या मागे मागे चालत असे व अखेरीस धनंजयाने केलेला उलगडा ऐकून पुस्तक मिटीत असे. येथे धनंजय नाही. उलगडा करून सांगणारे कोणी नाही. जे कळले ते कोणत्या शब्दाने कळले, एवढेच खेळणाऱ्याजवळ उरते.

आणि येथेच हा खेळ भाषेच्या अभ्यासकाचा होतो. शब्दसूची करणाऱ्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते : जो शब्द वारंवार येतो तो काही सांगत नाही, जो क्वचित येतो तो पुष्कळ सांगतो. ज्ञानेश्वरीच्या शब्दभांडाराचा अभ्यास करणारा ‘आणि’ किंवा ‘जैसे’ यांच्यापाशी रेंगाळत नाही. एकदाच आलेल्या, अर्थ न लागणाऱ्या शब्दापाशी तो दिवस घालवितो. पाच तुकड्यांच्या मर्यादेमुळे बार्लो यांनी हा वारंवारतेचा नियमच खेळाचा नियम करून टाकला आहे. ‘नवरा’ हा शब्द टाकला की सुरुवातीच्या मुलाखतींतली सावध उत्तरे तेवढी येतात. उशिराची, घसरलेली उत्तरे त्यांच्या आड दडून राहतात. ती बाहेर काढावयाची तर तिच्या बोलण्यातून एखादा आडवळणाचा शब्द उचलावा लागतो. खेळणारा नकळत तिचे बोलणे ‘काय सांगते’ यापेक्षा ‘कोणत्या शब्दांत सांगते’ या दृष्टीने ऐकू लागतो. पदव्युत्तर वर्गात हे ऐकणे शिकविण्यास आम्हांस एक सत्र लागते.

गेल्या वर्षी हा खेळ मी वर्गात दाखविला. चर्चेत एका विद्यार्थ्याने विचारले, की याचे मराठी भाषांतर का होऊ नये. त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढे वही घेऊन बसलो, तेव्हा असे दिसून आले की भाषांतर अशक्य आहे. आणि ते का अशक्य आहे हे पाहणे खेळाइतकेच उद्बोधक आहे.

पहिली अडचण सामान्यरूपाची. या खेळात शब्द जसाच्या तसा जुळावा लागतो, आणि इंग्रजी नाम विभक्तीने जवळजवळ बदलत नाही. मराठीत ‘खून’ लिहून शोधणाऱ्यास ‘खुनाच्या रात्री’ हे शब्द असलेला तुकडा सापडणार नाही. अर्धा शब्द टाकून शोधण्याची सोय केली तरीही नाही, कारण मुळातला दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. ‘बहीण’ शोधली तर ‘बहिणीने’ हाती लागत नाही. सर्वांत मौज ‘आरसा’ या शब्दाची. खुनाचे हत्यारच ते. पण ‘आरशाचा तुकडा’ म्हणताच ‘स’चा ‘श’ होतो आणि हत्यार सूचीतून नाहीसे होते. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सामान्यरूपाचा जो प्रपंच मांडला आहे, तो पोलीसखात्यातील संगणकास प्रथम शिकवावा लागेल. उलट बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘आरसा’, ‘आरशात’, ‘आरशाने’, ‘आरसे’ हे सूचीच्या दृष्टीने चार निराळे शब्द ठरल्यामुळे प्रत्येकाचे पाच पाच तुकडे मिळतील व पाचाची मर्यादा ढिली पडेल. म्हणजे अजाण शोधकास मराठीत कमी सापडेल आणि व्याकरण जाणणाऱ्यास जास्त. शिक्षक या नात्याने मला ही व्यवस्था नापसंत नाही.

दुसरी अडचण नावांची. हॅना आणि ईव्ह ही दोन्ही नावे रोमन लिपीत उलटसुलट सारखीच वाचता येतात, आणि आरशाचा संकेत त्यांतूनच सुरू होतो. देवनागरीत लिहिताच तो मोडतो. मराठी कर्त्यास बहिणींची नावे कनक आणि नयन अशी ठेवावी लागतील. अक्षरलेखनात विलोमपद अक्षरांचे होते, वर्णांचे नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांस समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण मला आजवर मिळाले नव्हते.

या झाल्या किरकोळ गोष्टी. मुख्य अडचण निराळीच आहे : मराठीत हे रहस्य टिकतच नाही. इंग्रजीत ‘आम्ही उभयता’ या अर्थाचे शब्द स्त्रीपुरुषांच्या जोडप्यास लागतात आणि दोन स्त्रियांसही लागतात. जबाब देणारी ते शब्द वापरते तेव्हा ऐकणारा ‘ती आणि तिचा नवरा’ असे समजून पुढे जातो, आणि या समजुतीच्या आडोशाने दुसरी बहीण अखेरपर्यंत लपून राहू शकते. मराठी स्त्री ‘आम्ही दोघं’ म्हणेल किंवा ‘आम्ही दोघी’ म्हणेल. तिसरा पर्याय नाही. ‘दोघी’ हा शब्द तोंडातून गेला की एका वेलांटीने खटला उभा राहिला. कर्त्यास हा शब्द पात्राच्या तोंडून निष्ठेने टाळावा लागेल, आणि जो शब्द निष्ठेने टाळला जातो त्याची पोकळीही जाणत्या कानास ऐकू येते.

संबोधनाचे तेच. खेळणाऱ्याच्या मनात सुचणारा पहिला शब्द म्हणजे मृताचे नाव. शाहूवाडी तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या पन्नाशी उलटलेल्या स्त्रीच्या जबाबात नवऱ्याचे नाव शोधावयास गेल्यास एकही तुकडा निघणार नाही. ती ‘हे’ म्हणेल, ‘ह्यांनी’ म्हणेल, ‘आमचं मालक’ म्हणेल. नाव घेईल ते उखाण्यात. (आज शहरात नाव सर्रास घेतात, एकेरीतही घेतात, हे मान्य, पण भाषेच्या नकाशावर शहर हा एक ठिपका असतो.) तेव्हा शोधपेटीत लिहावयाचे ते नाव नव्हे, सर्वनाम. आता तिच्या जागी तिची बहीण येऊन बसली अशी कल्पना करावी. बहिणीचा नवरा तिला ‘दाजी’. वर्षानुवर्षे ज्यास दाजी म्हटले त्यास पोलिसांसमोर ‘हे’ म्हणावयाचे, आणि तेही सात मुलाखतींत एकदाही न चुकता, हे मोठ्या नटीच्याही आवाक्यातले काम नव्हे. इंग्रजीत दोघी बहिणींस एकच नाव पुरले. मराठीत नाते शब्दाशब्दाला कबुली देत राहते.

यावरून मराठी भाषा रहस्यकथेस प्रतिकूल आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या जागी इंग्रजी झाकते त्या जागी मराठी उघडे करते, एवढाच याचा अर्थ. उलटही आहे : इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनाम माणसाचे लिंग लगेच सांगते, पण आमचे आदरार्थी ‘त्यांनी’ सासऱ्यास, सासूस, फौजदारास आणि दहा माणसांच्या जमावास सारखेच लागते. मराठीत असा खेळ रचावयाचा झाल्यास गुन्हेगार या ‘त्यांनी’च्या आड लपवावा लागेल. म्हणजे कथाच निराळी सुचावी लागेल. शब्द बदलून भागणार नाही.

आता प्रथमपुरुषाकडे वळतो, कारण या भागाचा प्रश्न तेथे आहे. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी गेले’, ‘मी जाते’ म्हणते. कोल्हापूरकडे असंख्य स्त्रिया घरात, शेतात, बाजारात ‘मी गेलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. ही चूक नव्हे. या बोलीत प्रथमपुरुषी क्रियापद पुष्कळदा लिंगभेद पाळीत नाही, एवढेच. परंतु लेखी जबाबात हे रूप मला कधी आढळलेले नाही. बोलणारी ‘गेलो’ म्हणते, लिहिणारा ‘गेले’ लिहितो. तेवढ्यावर तो थांबत नाही. ‘त्यो आल्यावर’चे ‘तो आलेनंतर’ होते. ‘आल्या’ऐवजी ‘आले’, ‘झाल्या’ऐवजी ‘झाले’, ‘असल्यामुळे’ऐवजी ‘असलेमुळे’ हे दक्षिण महाराष्ट्रातील कचेरीच्या लेखनाचे वैशिष्ट्य आहे. शाळेचे दाखले, सोसायटीचे ठराव, ग्रामपंचायतीच्या नोटिसा या सर्वांत ते दिसते. बोलण्यात ते कोणाच्या तोंडी नाही. तेव्हा एखाद्या निरक्षर स्त्रीच्या जबाबात ‘सदरची घटना घडलेनंतर’ असे वाचावयास मिळाले, तर ते वाक्य तिचे नव्हे हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाचीही आवश्यकता नाही.

‘हर स्टोरी’त प्रश्न गाळलेले आहेत, ही खेळाची क्लृप्ती म्हणून वाखाणली गेली. आमच्या ठाण्यांत ती क्लृप्ती नव्हे, रीत आहे. साक्षीदारास प्रश्न विचारले जातात. कागदावर मात्र तो जणू आपण होऊन, एका दमात, प्रथमपुरुषी सलग निवेदन करतो. मागे उरतो तो ‘विचारलेवरून’ एवढाच शब्द. सर्व प्रश्न त्या एका शब्दात पुरलेले असतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली व १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली घेतल्या जाणाऱ्या या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते. खटल्यात त्याचा उपयोग मुख्यतः एकच : साक्षीदार न्यायालयात काही निराळे बोलला तर आधीच्या जबाबाशी विसंगती दाखविणे. म्हणजे जे शब्द तिचे नव्हतेच, त्यांच्याशी तिचे शब्द जुळत नाहीत म्हणून ती खोटी ठरू शकते. दृक्श्राव्य साधनांनी जबाब नोंदविण्याची मुभा २००८च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि नव्या संहितेतही ती आहे. पण ती मुभाच आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही. लंडनमध्ये २८ जानेवारी १९५३ रोजी डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या मुलास फाशी दिले गेले. त्याचा म्हणून सादर केलेला जबाब त्याने स्वतः सलग सांगितला, प्रश्न विचारलेच नव्हते, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढे माल्कम कुल्थर्ड या भाषाशास्त्रज्ञाने दाखविले, की ५८२ शब्दांच्या त्या जबाबात ‘नंतर’ या अर्थाचा शब्द १० वेळा आला आहे, व तो कर्त्यानंतर ठेवण्याची लकब सामान्य बोलणाऱ्याची नसून पोलिसी लेखनाची आहे. १९९८ साली ती शिक्षा रद्द झाली, पंचेचाळीस वर्षांनी. मराठीत शब्दक्रम अधिक मोकळा असल्याने ‘मी नंतर’ आणि ‘नंतर मी’ यांवरून असे काही सिद्ध करता येणार नाही. आपल्याकडे तो पुरावा ‘घडलेनंतर’च्या त्या ‘ले’मध्ये सापडेल.

या संदर्भात खेळाचा मुख्य दोष दिसू लागतो, आणि समीक्षकांनी त्याची पुरेशी दखल घेतली आहे असे मला वाटत नाही. खेळणारा ऐकतो आवाज, पण शोधतो लेख. प्रत्येक तुकड्यातील बोलणे कोणीतरी ऐकून, लिहून संगणकात घातल्याखेरीज शब्दावरून तुकडा सापडणार कसा? हा लिहिणारा खेळात कोठेच नाही. त्याने कधी चुकीचे ऐकले नाही, कधी बोली सुधारली नाही, एखादा उसासा शब्दात बसविला नाही. खेळात सर्वांवर संशय घेता येतो, फक्त लेखनिकावर नाही. व्हिव्हा सायफर्ट या अभिनेत्रीने दोन स्त्रियांची भाषा आवाजाच्या, थांबण्याच्या, हातांच्या सूक्ष्म फरकांनी वेगळी ठेवली आहे, आणि त्यातले बहुतेक सूचीस दिसतच नाही. काही तुकड्यांत ती केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते. संगणकास ते सर्व ‘नाही’ सारखेच. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या; स्त्रियांच्या वाणीचे तुकड्यातुकड्यांचे आणि वर्गवारी लावलेले एवढे मोठे भांडार मराठीत दुसरे नाही. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव येते, आणि संकलन कोणी केले हेही वाचणाऱ्यास ठाऊक असते. बार्लो यांच्या भांडारात ही शेवटची नोंद तेवढी राहून गेली.

माझ्या गावाकडची एक गोष्ट सांगतो. बांधावरून झालेल्या भांडणात शेजारच्या एका वृद्ध बाईंचा जबाब घेतला होता. ठाण्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. लिहिणाऱ्या अंमलदाराने कोणताही खोटेपणा केला नव्हता, उलट अक्षर सुरेख होते. जबाब वाचून दाखविला तेव्हा मी शेजारी होतो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ह्ये मी न्हाई बोललो. ही कुणीतरी दुसरीच बोलत्या.” अंमलदार हसले. मजकुरात चूक एकही नव्हती. बांध कोणी फोडला, केव्हा फोडला, सर्व बरोबर होते. पुढे ‘हर स्टोरी’ खेळताना जुळ्या बहिणीचा उलगडा झाला, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती या वाक्याची.

सत्राच्या अखेरीस वर्गास मी एक ध्वनिमुद्रण लिहून काढण्यास दिले. मलकापूरजवळच्या एका आजींनी सांगितलेली गोष्ट होती, चार मिनिटांची. त्यात ‘गेलो’, ‘आलो’, ‘बसलो’ ही रूपे स्पष्ट ऐकू येतात. ऐकू येते ते लिहा, सुधारू नका, अशी सूचना आधीच दिली होती. तरी बऱ्याच वह्यांत ‘गेले’, ‘आले’, ‘बसले’ असे आढळले. त्यांतली एक वही शाहूवाडी तालुक्यातूनच रोज ये-जा करणाऱ्या मुलीची होती. तिला बोलावून मुद्रण पुन्हा ऐकविले. तिने कान देऊन ऐकले व म्हणाली, “सर, मी पण घरात असंच बोलतो की.” मग वहीकडे पाहिले, पेन काढले, आणि ‘गेले’च्या एकारावर काना चढविला.